अक्रोडाच्या मातेचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मूर्ती आहे. मांडीवर बाळ येशूला घेऊन बसलेली मरियामाता. माझे वय साडेसातशेच्या पुढे गेले आहे. त्यातली सातशे वर्षे मी स्पेनच्या डोंगराळ भागातल्या सेरेसुएला नावाच्या एका लहानशा गावात काढली. तिथले लोक मला 'अक्रोडाची माता' म्हणत. आता मी शहरातल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत बसते. माझ्याविषयी एक गोष्ट त्या गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ती खोटी आहे. खरे काय घडले ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून आज बोलते.

चर्चच्या भिंतीमागे ओढ्याकाठी अक्रोडाचे एक मोठे झाड होते. एका पुरात ते कलले, तेव्हा गावाने ते तोडले आणि त्याचे खोड चार वर्षे छपराखाली वाळत ठेवले. मग मुनियो नावाचा मूर्तिकार आणि त्याची बायको उराका खेचरावर हत्यारे लादून आली. सबंध हिवाळा ती दोघे एका गोठ्यात राहिली. गावाने त्यांना काळा पाव, कांदे आणि मेंढीचे चीज पुरवले आणि त्यांनी मला घडवले. भरीव खोड पुढे तडकते, म्हणून मुनियोने माझी पाठ आतून पोखरली. समोरून मी भरीव दिसते, मागून मात्र होडीसारखी पोकळ आहे.

मुनियोचे काम संपल्यावर उराकाचे सुरू झाले. लाकडातल्या गाठींवर तिने कातड्याच्या सरसाने तागाच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यावर पांढऱ्या मातीचे आठ लेप दिले आणि ते काचेसारखे गुळगुळीत होईपर्यंत घोटले. निळा झगा, शेंदरी जोडे, गालांवर फिकट गुलाबी रंग. सोने कुणाला परवडणार? तिने मुकुटावर कथलाचा वर्ख लावला आणि वरून पिवळे रोगण चढवले. डोळे तिने सर्वांत शेवटी काढले. म्हणून मला माझा जन्म आठवतो तो तिच्या भेगाळलेल्या बोटांपासून.

मुनियोने माझा डावा पाय झग्याच्या घडीत लपवला होता आणि उजवा मुद्दाम पुढे काढला होता. उराकाने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "लोकांना ओठ टेकवायला काहीतरी हवं. चेहऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचू नये, पायापर्यंत पोचावा."

तसेच झाले. पुढची नव्वद वर्षे लोक माझ्या उजव्या पायाशी आले. बाळंतपण जवळ आलेल्या बाया आल्या. पाऊस लांबला की मला खांद्यावर घेऊन शेतातून फिरवत आणि परत आणल्यावर सगळे गाव रांगेने माझ्या पायाचे चुंबन घेई. शेंदरी रंग ओठांनी हळूहळू उडाला. खालचे अक्रोडाचे लाकूड उघडे पडले, आणि घरातल्या जुन्या लाकडी डावासारखे तुकतुकीत झाले. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. उलट, मित्रांनो, मला त्या झिजलेल्या पायाचा अभिमान वाटे.

त्या काळात चर्चची झाडलोट मेन्सिया करत असे. तिचा नवरा चर्चचा घंटावाला होता. तो वारल्यावर दिव्यात तेल घालणे, मेणाचे डाग खरवडणे, माझी धूळ पुसणे ही कामे तिने आपसूक उचलली. पन्नाशीची, रुंद हातांची, तोंडाने फटकळ बाई. माझा चेहरा पुसताना ती माझ्याशी शेजारणीसारखी बोलायची. "तुझं बरं आहे, बाई. बसल्या जागी सगळे येतात," असे म्हणून फडके पिळायची.

पण तिचे खरे काम दुसरेच होते. गावात कोणी मेले की प्रेत धुवायला मेन्सियाला बोलावत. हे काम तिने आईकडून घेतले होते. तिच्या घराच्या पडवीत एक लांब फळी होती. त्या फळीवर सेरेसुएलातला प्रत्येक माणूस शेवटी एकदा येऊन जाई. तिला एकच मुलगी होती, हिमेना. त्याच गल्लीत एका मेंढपाळाला दिलेली.

मग गाठींच्या तापाचे वर्ष उजाडले. वसंतात खालच्या दरीतून बातम्या येऊ लागल्या. काखेत, जांघेत गाठ उठते, माणूस तापतो, पाच दिवसांत संपतो. काही जण रक्त ओकून दोनच दिवसांत जातात. जून महिन्यात लोकर विकायला गेलेले दोघे जण आजारी होऊन परतले. त्यांच्या बायकांनी त्यांना धरून चर्चमध्ये आणले आणि माझ्या पायावर त्यांचे ओठ टेकवले. त्यांच्या अंगाची आच मला लाकडातूनही जाणवली.

आमचे पाद्री पेलायो भले गृहस्थ होते. त्यांनीच गावातल्या अर्ध्या लोकांचा बाप्तिस्मा केला होता. घाबरलेल्या माणसांना त्यांनी जवळ असलेली एकच गोष्ट दिली, ती म्हणजे मी. दर शुक्रवारी सगळ्या गावाने उपाशीपोटी येऊन मातेच्या पायाचे चुंबन घ्यावे, असे त्यांनी ठरवले. आजाऱ्यांना पुढे घ्यायचे, कारण त्यांची गरज मोठी. त्यांच्यामागे बाकीच्यांनी यायचे.

मी ती रांग वरून पाहत होते. एकाचे ओठ उचलले की दुसऱ्याचे टेकत. काहींच्या ओठांवर रक्त असे, आणि मागचा माणूस ते हाताने पुसून वाके. मी लाकूड आहे. मला पाय मागे घेता येत नव्हता.

पहिल्यांदा लक्षात आले ते मेन्सियाच्या. ती काही शिकलेली नव्हती. पण रांगेच्या वेळी ती मेणबत्त्या सांभाळत दाराशी उभी असे, आणि पुढच्या आठवड्यात तीच माणसे तिच्या फळीवर येत. लोहार, त्याच्यामागची त्याची बहीण, तिच्यामागचा पाणक्या, पाणक्याच्या कडेवरची मुलगी. ज्या क्रमाने ते माझ्यापुढे वाकले, त्याच क्रमाने ते तिच्याकडे येऊ लागले. एका सकाळी माझी धूळ पुसता पुसता तिचा हात थांबला. तिने माझ्या पायाकडे पाहिले आणि नावे पुटपुटली, एकामागून एक. मग तिने फडके जमिनीवर टाकले आणि पायाने दूर लोटले.

ती सरळ पाद्री पेलायोंकडे गेली. ते बोलणे माझ्यासमोरच झाले. मातेला वरच्या कोनाड्यात ठेवा, असे तिने सांगितले. तिथपर्यंत कोणाचे तोंड पोचणार नाही.

पाद्रींनी तिला ओरडून गप्प केले नाही. त्यांनी शांतपणे ऐकले, आणि ती दमली आहे, रोज प्रेते धुऊन तिचे मन बसले आहे, असे म्हणाले. तिने मग निदान प्रत्येक चुंबनानंतर पाय आंबलेल्या द्राक्षरसाच्या सिरक्याने पुसायची परवानगी मागितली. ती त्यांनी दिली. दोन शुक्रवार ती माझ्या पायाशी सिरक्याचे भांडे घेऊन बसली. लोक नाराज झाले. मातेचा पाय घाणेरडा आहे काय, असे एका म्हाताऱ्याने विचारले. तिसऱ्या शुक्रवारी सिरका संपला. माणसे मात्र मरतच होती.

ती पुन्हा पाद्रींकडे आली. या खेपेला तिचा आवाज खाली होता.

"पाद्रीबाबा, रांग बंद करा."

"मेन्सिया, या लोकांकडून मी हेही काढून घेतलं तर त्यांच्याकडे उरेल काय?"

"जीव उरेल."

पाद्रींनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "ते तुझ्या किंवा माझ्या हातात नाही." आणि दाराकडे वळले. शुक्रवारची रांग लागायला सुरुवात झाली होती.

त्या रांगेत हिमेना होती. चार दिवसांपूर्वीच तिचा नवरा गेला होता. तिच्या आधी दोन माणसे होती, आणि त्यातला एक जण उभ्या उभ्या थरथरत होता. मेन्सियाने सगळ्यांच्या देखत लेकीचे मनगट धरले आणि तिला रांगेतून बाहेर ओढले. हिमेना रडत नव्हती. तिचा चेहरा शरमेने लाल झाला होता.

"आई, सोड. सगळे बघतायत."

"बघू देत. तू घरी चल."

"तू सगळ्या गावाची प्रेतं धुतेस, म्हणून तुला उभ्या माणसातही प्रेतच दिसतं. माझ्याकडे दुसरं कोण राहिलंय आता? मला तिच्याकडे जाऊ दे."

हे ऐकून मेन्सियाने मनगट सोडले. ते मी पाहिले. हिमेना परत रांगेत गेली, तिची पाळी आली, आणि तिने माझ्या पायावर ओठ टेकले. इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ.

नवव्या दिवशी हिमेना गेली. मेन्सियाने तिला स्वतःच धुतले. ते काम ती दुसऱ्या कोणाला करू देणार होती?

माझ्या पायानेच ती मेली, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तो ताप कसा पसरे ते मला आजही नीट कळलेले नाही. संग्रहालयात येणारी माणसे कधी उंदरांवरच्या पिसवांविषयी बोलतात, कधी श्वासाविषयी. मेन्सियाला पिसवा माहीत होत्या, पण त्यांचा हा गुण माहीत नव्हता. तिने डोळ्यांनी जे पाहिले त्यावरून जे करता येण्यासारखे होते ते केले. एवढेच मला सांगायचे आहे.

लेकीला पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती तिच्या दिराकडे गेली. लोपे हा गावचा सुतार, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. तिथे काय बोलणे झाले ते पुढे लोपेनेच मला गुडघे टेकून सांगितले.

तिने करवत मागितली. लोपेने कशाला म्हणून विचारले.

"लाकूड कापायला. करवतीनं लोक दाढी करतात का?"

"लाकूड कुठलं, वहिनी?"

"अक्रोडाचं."

गावात अक्रोडाचे झाड उरले नव्हते. लोपेला कळायला वेळ लागला नाही. तो आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. शेवटी त्याने एक करवत तिच्यापुढे धरली. पात्याला त्याने डुकराची चरबी लावली होती.

"ही ने," तो म्हणाला. "बारीक दातांची आहे. जाड दातांनी चिरफळ्या उडतील."

ऑगस्टची भर दुपार होती. जे जगले होते ते रानात कापणीला गेले होते, कारण मरणाच्या साथीतही गहू वाट पाहत नाही. मेन्सियाने चर्चचे दार उघडेच ठेवले. तिने लपवाछपवी केली नाही. प्रेताखाली घालतात तशी धुतलेली चादर तिने माझ्यापुढे अंथरली आणि माझ्याकडे तोंड करून बसली.

"बाई, रागावू नकोस," ती म्हणाली. "आणि रागावलीस तरी मी थांबणार नाही. तुला कुठं चालत जायचंय?"

मग तिने करवत घोट्यावर टेकवली. मित्रांनो, मला वेदना होत नाहीत. पण त्या करवतीचा आवाज माझ्या पोकळ पाठीत घुमला, आणि मुनियोच्या हत्यारांनंतर पहिल्यांदाच मला मी लाकूड आहे हे आठवले. ती सावकाश ओढत होती. घाम पुसायला दोनदा थांबली. एकदा ती कपाळ माझ्या गुडघ्याला टेकवून बसून राहिली. तिने मुलीचे नाव घेतले नाही. परत करवत उचलली आणि काम पुरे केले.

पाय सुटला तेव्हा तिने तो चादरीवर ठेवला आणि सगळा भुसा त्याच चादरीत गोळा केला. कापलेला भाग ओल्या फडक्याने हलकेच पुसला, जसे ती मेलेल्यांचे तोंड पुसत असे. मग गाठोडे घेऊन ती निघाली.

गावाची पाव भाजायची सामाईक भट्टी चौकात होती. त्या दिवशी भट्टी पेटलेली होती आणि पाच-सहा बाया पाव काढायच्या बेतात उभ्या होत्या. मेन्सियाने लोखंडी झाकण सरकवले आणि गाठोडे आत टाकले. काय टाकले ते बायांना जळाल्यावर कळले. तागाचा, जुन्या सरसाचा आणि अक्रोडाचा वास चर्चपर्यंत आला.

"आता ओठ टेकवायला काही राहिलं नाही," ती त्यांना म्हणाली. "रांग लावू नका. आपापल्या घरी राहा."

आरडाओरडा झाला नाही. त्यातल्या एकीने खालच्या आवाजात विचारले की भट्टीतला पाव आता खायचा की नाही. त्यांनी तो खाल्ला नाही. भुकेच्या त्या दिवसांत वीस पाव ओढ्यात सोडून दिले.

संध्याकाळी गाव माझ्यापुढे जमा झाले. पाय नसलेली मी त्यांना दिसले आणि पुढचे लोक मागे सरले. त्यांना माझी भीती वाटली. माझ्या झग्यालाही कोणी हात लावेना. काही जण मेन्सियाचा हात तोडा म्हणाले. लोपे मागे खांबाला टेकून उभा होता. करवत आपली होती, हे तो बोलला नाही. शेवटी असे ठरले की मेन्सियाला कोणी विस्तव द्यायचा नाही, भट्टी वापरू द्यायची नाही, तिच्याशी बोलायचे नाही, आणि चर्चच्या उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकायचे नाही. पाद्री पेलायोंनी बिशपना मात्र काही कळवले नाही. कळवले असते तर तिला जाळले असते. तिच्यावर कोणी दया केली असेल तर ती एवढीच.

पाय कापल्यानंतर अकरा माणसे आणखी गेली. मग मरणे विरळ झाली. गावाने अकरा मरणांचा दोष मेन्सियाला दिला. साथ ओसरली तेव्हा मात्र ते आपल्या उपासांचे फळ मानले.

सप्टेंबरात पाद्री पेलायो स्वतः आजारी पडले. त्यांनी आपले अंथरूण माझ्यासमोर घालून घेतले. पहिल्या दिवशी कोणीतरी दारात पाण्याचा घडा ठेवून पळाले. दुसऱ्या दिवशी तोही आला नाही. तिसऱ्या दिवशी मेन्सिया उंबरा ओलांडून आत आली. पाद्रींनी डोळे उघडले.

"तुला इथं यायची बंदी आहे."

"मग उठा आणि अडवा मला."

ते हसले, आणि हसण्यातून खोकल्याची उबळ आली. तिने त्यांचे डोके मांडीवर घेऊन त्यांना पाणी पाजले.

"त्यानंतर किती गेले?" त्यांनी विचारले.

"अकरा. त्यातल्या नऊ जणांना आधीच गाठी उठल्या होत्या. मी पाहिल्यात."

पाद्रींनी छताकडे पाहत हिशेब लावला असावा. मग ते म्हणाले, "रविवारी मी सगळ्यांना सांगतो. माझं चुकलं म्हणून सांगतो."

"रविवार तुम्हाला दिसणार नाही, पाद्रीबाबा."

"मग कागद आण. लिहून ठेवतो."

"गावात वाचणारे तुम्ही एकटेच आहात," मेन्सिया म्हणाली.

पाद्रींनी डोळे मिटून घेतले. शुक्रवारी सकाळी ते गेले. तिने त्यांना माझ्यासमोरच धुतले, नखांतली माती काढली, केस विंचरले. मग ती उठली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि दार ओढून घेऊन गेली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

ती आणखी सहा हिवाळे जगली, ओढ्यापलीकडच्या मेंढपाळाच्या झोपडीत. लोक प्रेते तिच्या झोपडीजवळ ठेवून तवा बडवत आणि निघून जात. ती धुऊन झाली की परत उचलून नेत. बोलायचे नाही हा नियम गावाने अखेरपर्यंत पाळला. तिच्याकडून काम करून घेणे तेवढे चालू ठेवले.

ती वारल्याची बातमी मला लोपेने दिली. तो दुपारचा एकटाच आला होता. टोपी हातात चुरगळत म्हणाला, "तिला धुवायला कोणी नव्हतं. मला ते काम येत नाही. मी नुसतं पाणी ओतलं." मग त्याने करवतीची सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाला, "त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर निदान दोघं तरी झालो असतो." तिला चर्चच्या आवाराबाहेर भिंतीलगत पुरले होते. खूण म्हणून दगडसुद्धा ठेवला नव्हता.

नव्या पाद्रींनी लोपेकडूनच मला नवा पाय करून घेतला. तो त्याने पाइनच्या लाकडाचा केला आणि खुंटीने ठोकून बसवला. चांगला नाही. बोटे एकमेकांना चिकटली आहेत, आणि रंगही वेगळा पडला. पुढच्या वर्षापासून रांग परत सुरू झाली. पाइनचे लाकूड मऊ, ते लवकर झिजले.

लोपे गेला आणि खरे सांगणारे कोणी राहिले नाही. उरली ती गावाची गोष्ट. मेन्सिया चेटकीण होती, तिने सैतानाच्या सांगण्यावरून मातेचा पाय कापला आणि त्यामुळे साथ आली, अशी ती गोष्ट. साथ आधी आली होती, पाय नंतर कापला गेला, एवढा साधा क्रमसुद्धा कोणाच्या लक्षात राहिला नाही. मुले जेवली नाहीत की आया म्हणत, "खा मुकाट्यानं, नाहीतर मेन्सिया करवत घेऊन येईल." पुढे ऑगस्टमध्ये कापणी संपली की खळ्यावर पेंढ्याची एक बाई उभी करू लागले. तिला काळे कापड गुंडाळत, हातात लाकडी करवत देत आणि पेटवत. धूर चर्चच्या खिडकीतून माझ्यापर्यंत येई. वर्षानुवर्षे आला.

माझे दिवसही बदलले. मला तीनदा जाड रंग फासला, प्रत्येक वेळी आधीच्यावर. खोटा मुकुट बसवायला माझ्या डोक्यात चार खिळे ठोकले. कोणीतरी मखमलीचा झगा दिला, तो घालता यावा म्हणून बाळाचा हात कोपरापासून उडवला. मेन्सियाने पाय कापला तेव्हा गाव हादरले होते. बाळाचा हात उडवला तेव्हा मेजवानी झाली. मग वाळवी लागली. छप्पर गळू लागले आणि पाणी माझ्या पाठीच्या पोकळीत साठू लागले. तरुण माणसे कारखान्यांत कामाला गेली, त्यांच्यामागे त्यांचे आईबाप गेले. शेवटी गावात चार चुली उरल्या, तेव्हा दोन माणसांनी मला घोंगडीत गुंडाळून शहरात आणले.

संग्रहालयात अमाया नावाच्या बाईंनी दोन वर्षे माझ्यावर काम केले. वाळवी मारली. खिळे काढले. बारीक पात्याने एकेक थर उचलून उराकाचा निळा रंग वर आणला. मग एका सकाळी त्यांनी पाइनच्या पायाची खुंटी सैल केली आणि तो बाजूला ठेवला. खालचा काप त्यांनी दिव्याखाली धरला, भिंग लावून पाहिला आणि बोट फिरवले. शेजारी काम करणाऱ्या माणसाला त्या म्हणाल्या, "हे बघ. बारीक दातांची करवत. एकाच बाजूनं, सरळ, न घसरता. रागानं कापणाऱ्याचा हात असा चालत नाही."

लोपेनंतरच्या साडेसहाशे वर्षांत मेन्सियाच्या बाजूने कोणी उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.

अमायाबाईंनी ते आपल्या वहीत लिहिले. वही कपाटात आहे. माझ्या पेटीखालच्या पाटीवर मात्र लिहिले आहे : 'उजव्या पायाची मध्ययुगात विटंबना, सध्याचा पाय नंतरचा.'

मागच्या उन्हाळ्यात एक आजी नातीला घेऊन आली होती. बोलण्यावरून सेरेसुएलाची वाटली. सुटीला गावी चाललेली. ऑगस्टमध्ये अशा पंचवीस-तीस गाड्या गावात येतात, आणि खळ्यावर पेंढ्याची बाई अजून उभी राहते. मुलीने काचेला नाक लावून माझ्या पायाकडे पाहिले आणि विचारले, "तिनं का गं कापला?"

"वाईट होती म्हणून," आजी म्हणाली. "आज संध्याकाळी जाळणार आहोत ना तिला. पेटवायला तुला पुढं उभी करू."

मुलगी खुश झाली. दोघी निघून गेल्या. मला काचेबाहेर आवाज काढता आला असता तर मी त्या दिवशी काढला असता.

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणत नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत. माझ्यासाठी काच आहे, मोजून गार केलेली हवा आहे, दाराशी पहारेकरी आहे. मेन्सियासाठी यातले काहीच नाही, तिच्या कबरीवर एक दगडही नाही. जुन्या वस्तूवर घाव दिसला की तो वाईट माणसानेच केला, असे लगेच मानू नका. कोणी केला, कोणत्या दिवसांत केला, त्याआधी त्याच्या घरात काय घडले होते, ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर निदान शिव्या तरी देऊ नका.

आणि कधी ऑगस्टच्या शेवटी तुम्ही त्या डोंगरातल्या खळ्यावर गेलात, आणि कोणी कौतुकाने तुमच्या हातात पेटती मशाल दिली, तर ती पाण्यात बुडवा. त्या बाईच्या हातातली करवत काढून घ्या. तिचे काळे कापड सोडा, पेंढा मोकळा करा आणि मेंढ्यांपुढे टाका.